‘क्षेत्राच्या खोलीचे पूर्वावलोकन’ म्हणावे का?

नाशिकमध्ये छायाचित्रण शिकवणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की वर्गासाठी मराठी टिपण लिहिताना ‘डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू’ला (फोटोत कुठपासून कुठपर्यंतचे रेखीव येईल ते आधी दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातील सोयीला) ‘क्षेत्राच्या खोलीचे पूर्वावलोकन’ म्हटले तर चालेल का. व्याकरणात त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण त्या शब्दांतून विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही, हा माझा आक्षेप आहे.

जवळच्या ज्या बिंदूपासून दूरच्या ज्या बिंदूपर्यंतचे सारे चित्रात पुरेसे रेखीव उमटते, त्या दोहोंमधले अंतर म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड. ‘क्षेत्र’ म्हटले की मराठी माणसाला शेत तरी आठवते नाहीतर तीर्थ (नाशिककराला बहुधा त्र्यंबकेश्वरच), आणि ‘खोली’ विहिरीची असते. येथे मोजायचे आहे ते समोर लांबवर जाणारे अंतर, आणि त्यासाठी ‘पल्ला’ हा शब्द आपल्याकडे तयार आहे. म्हणून मी ‘स्पष्टतेचा पल्ला’ सुचवीन: ॲपर्चर (भिंगातले प्रकाश आत सोडणारे छिद्र) एफ/२.८ वरून एफ/११ वर नेले, म्हणजे लहान केले, की तो वाढतो, वस्तू जवळ आली किंवा भिंगाचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) वाढले की आखडतो. ‘नाभीची खोली’ मात्र टाळावी, कारण डेप्थ ऑफ फोकस ही निराळी गोष्ट असून ती भिंगाच्या मागे, सेन्सरच्या बाजूला मोजतात.

‘पूर्वावलोकन’ हा शब्द संगणकाच्या मेनूंतून रुळला आहे, परंतु कॅमेऱ्यावरची क्रिया त्याहून अधिक ठोस आहे. डीएसएलआरमध्ये (भिंगातून येणारे दृश्य आरशाने डोळ्यापर्यंत पोहोचवणाऱ्या कॅमेऱ्यात) आपण कोणतेही ॲपर्चर ठरवले तरी दृश्य उजळ दिसावे म्हणून भिंग पूर्ण उघडेच राहते आणि ऐन फोटो निघताना तेवढे मिटते. त्यामुळे दिंडोरीच्या द्राक्षबागेत एफ/११ वर घड टिपताना व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) मागच्या ओळी धूसर दिसतात आणि फोटोत मात्र मांडवाच्या तारा ठसठशीत उमटतात. बऱ्याच डीएसएलआरवर भिंगाच्या बैठकीजवळ असलेले बटण दाबले की ॲपर्चर ठरवलेल्या आकड्यापर्यंत मिटते. दृश्य काळवंडते, पण फोटो काळा येणार असा त्याचा अर्थ नव्हे. डोळा सरावू द्यावा आणि मग मागच्या ओळींकडे पाहावे. अशा वेळी ‘ॲपर्चर मिटवून पाहणे’ हेच मला सर्वांत प्रामाणिक मराठी वाटते.

मिररलेस (आरसा नसलेल्या, दृश्य पडद्यावर दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यांना मात्र हे क्रियापद सरसकट लागू पडत नाही, कारण त्यांतील काही मॉडेले मुळातच ठरवलेल्या ॲपर्चरवर दृश्य दाखवतात, तर काहींमध्ये त्यासाठी एखादे बटण नेमून द्यावे लागते. शिवाय लहान पडद्यावर सगळेच रेखीव भासते, म्हणून दृश्य मोठे करून तपासावे लागते. वरच्या व्याख्येतला ‘पुरेसे’ हा शब्द म्हणूनच गाळू नये.

तेव्हा टिपणाचा मथळा ‘स्पष्टतेचा पल्ला आधी पाहणे’ असा द्यावा आणि पहिल्या उल्लेखाशी ‘डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू’ हे मूळ नाव देवनागरीत लिहावे, कारण माहितीपुस्तिकेत विद्यार्थ्याला तेच सापडणार आहे. वर्गात बोलताना नुसते ‘डेप्थ’ म्हणण्यास माझी काहीच हरकत नाही.