वादग्रस्त: गिळलेला कोण, गिळणारा कोण?

प्रश्न असा आला आहे. एका वाचनालयाने व्याख्यानमालेच्या पत्रकावर विषय छापला, ‘वादग्रस्त विचारवंत वि. का. राजवाडे’. काही सभासदांना हा इतिहासाचार्यांचा अपमान वाटला, तर काहींचं म्हणणं, यात खोटं काय आहे? आता पत्रक पुन्हा छापायचं ठरलं आहे. तर ‘वादग्रस्त’ शब्द बरोबर आहे का, त्याऐवजी ‘विवादास्पद’ चालेल का, आणि सभासदांत झाला त्याला मतभेद म्हणायचं की मतांतर?

प्रश्नकर्त्या ताईंनी शब्द निदान ‘स्त’ने लिहिला, याबद्दल त्यांचे आभार. नाहीतर हल्ली जिकडेतिकडे ‘ग्रस्थ’. 2019 च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे निघालेल्या टेम्पोंवर ‘पूरग्रस्थांना मदत’ असे फलक होते. मदत करणाऱ्यांचा हेतू सोन्यासारखा, म्हणून तेव्हा गप्प बसलो. पण गृहस्थ, ग्रामस्थ, तटस्थ यांतला ‘स्थ’ म्हणजे राहणारा. पूरग्रस्थ असा शब्दच नाही, आणि कोणी ओढूनताणून अर्थ लावलाच तर तो पुरात मुक्काम ठोकून बसलेला माणूस होईल. इथे धातू ग्रस्, म्हणजे गिळणे. ग्रस्त म्हणजे गिळलेला. वाद म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही.

खरी गंमत पुढे आहे. ‘ग्रस्त’ची गोष्ट निघाली की कोणीतरी हमखास सांगतं, आपला मराठी ‘घास’ म्हणजे ‘ग्रास’चाच अपभ्रंश. शाळेत सांगतात, निवृत्त प्राध्यापक सांगतात, कीर्तनात तर फारच रंगवून सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. ग्रासमधला रकार गेला की प्राकृतात ‘गास’ राहतो. मग ‘ग’चा ‘घ’ करणारा हा ‘ह’कार कुठून घुसला? ‘उच्चारात होतं असं कधीकधी’ हे उत्तर नव्हे, ही पळवाट झाली. आणि पळवाटेची गरजच काय? संस्कृतात घस् हा दुसरा धातू उभा आहे, अर्थ खाणे. अद् धातूच्या काही रूपांत पाणिनी त्याच्या जागी घस् आणून बसवतो (अष्टाध्यायी 2.4.37). त्यावरून थेट ‘घास’ हा शब्द तयार आहे, अर्थ चारा, खाद्य. ऋग्वेदात अश्वमेधाच्या घोड्याला उद्देशून सूक्त आहे. त्यात ‘यच्च पपौ यच्च घासिं जघास’ असा चरण येतो (1.162.14): जे तो प्यायला आणि जो चारा त्याने खाल्ला. एकाच धातूची दोन रूपं मांडीला मांडी लावून बसलेली.

आता नगर किंवा पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या गोठ्यात सकाळी जा. विळ्याने कापलेले हिरवे भारे म्हशींपुढे पडत असतात आणि गवळी सांगतो, ‘घास टाकतोय.’ तो लसूणघासाबद्दल बोलत असतो. वेदातला चाराच तो, नाव न बदलता आलेला. आणि तिकडे घरात त्याची बायको पोराच्या मागे वाटी घेऊन फिरते, ‘एवढा एक घास खा रे’. हिंदीत घास गवतापाशीच थांबला. आपल्याकडे तो गोठ्यातही राहिला आणि ताटातही आला. तेव्हा ग्रास आणि घास ही आई-मुलगी नव्हेत, शेजारणी आहेत. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी आधी त्या ‘घ’चा हिशेब द्यावा, मग बोलावं.

शेजारणींचे स्वभावही वेगळे. घास प्रेमाचा असतो, भरवता येतो, दुसऱ्याच्या तोंडी देता येतो. घासातला घास काढून देतात, ग्रासातला ग्रास कोणी देत नाही. ग्रासणं हे नेहमी संकटाचं काम. रोगाने ग्रासलं, चिंतेने ग्रासलं. आणि या सगळ्या ग्रासण्याचं मराठी माणसाच्या ओळखीचं घर म्हणजे पंचांग.

माझा आवडता सिद्धांत सांगतो. वर्तमानपत्रांतल्या ‘-ग्रस्त’ला जो वजनदार, थोडा अशुभ सूर आहे, तो संस्कृत काव्यातून आलेला नाही, ग्रहणाच्या पानावरून आला आहे. खग्रास, खंडग्रास, ग्रस्तोदित, ग्रस्तास्त हे शब्द आपल्या आज्यांना तोंडपाठ होते. 25 ऑक्टोबर 2022 ला, दिवाळीतच, महाराष्ट्रात सूर्य ग्रहण सुटण्याआधी मावळला, ते ग्रस्तास्त. पुढे दोन आठवड्यांनी, 8 नोव्हेंबरला, चंद्र ग्रहण लागलेलाच उगवला, ते ग्रस्तोदित. त्या दिवसांत घरोघरी हे शब्द पुन्हा ऐकू आले आणि मला फार बरं वाटलं. ‘खग्रास’ तर काय शब्द आहे! ख म्हणजे आकाश. बिंब पूर्ण गिळून झालं तरी गिळणाऱ्याचं तोंड उरतंच, मग ते भोवतालचं आकाशही गिळतं. ग्रहगणितात हे जास्तीचं गिळणं मोजतात. बिंब संपल्यावरही चालू राहणारे वाद आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

आणि या शास्त्राला दोन्ही बाजूंची नावं लागतात. जे झाकलं जातं ते ग्राह्य किंवा छाद्य, जे झाकतं ते ग्राहक किंवा छादक. सूर्यसिद्धांत हा ज्योतिषाचा जुना संस्कृत ग्रंथ राहूच्या तोंडाची वाट बघत बसत नाही. सूर्याला झाकणारा चंद्र, ढगासारखा खालून आडवा येतो, असं सरळ सांगतो. ग्राहक कळल्याशिवाय ग्रहणाचं गणितच मांडता येत नाही. (आजचा दुकानातला ग्राहक याच शब्दातला. तोही पकडणाराच, फक्त आता दुकानदार त्याला पकडतो.)

बातम्या वाचणारे नेमकं हेच विसरतात. ‘वादग्रस्त लेखक’, ‘वादग्रस्त प्राध्यापक’, ‘वादग्रस्त वक्तव्य’. वाद घातला कोणी, कशावरून, समोरचा काय म्हणाला, काही नाही. छाद्याचं नाव मोठ्या टायपात, छादक गुलदस्त्यात. ऐकणाऱ्याला वाटतं, माणसातच काहीतरी खोट असणार. पण ‘-ग्रस्त’ची बाकीची भावंडं बघा: दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त, धरणग्रस्त, कर्जग्रस्त. कोयनेच्या धरणग्रस्ताला कोणी विचारत नाही की बाबा, तू धरण का बांधलंस? 1993 च्या किल्लारीच्या भूकंपग्रस्ताने जमीन हलवली असं कोणी म्हणत नाही. प्रकल्पग्रस्ताला तर सरकार दाखला देतं. एकटा वादग्रस्त मात्र आरोपीसारखा उभा. व्याकरणाने तो पीडित आहे, वापराने गुन्हेगार झाला आहे. माझा राग याच्यावर आहे.

राजवाड्यांचं काय, असं विचाराल. येतो.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (1863–1926) यांच्याइतकी परस्परविरोधी मतं ज्याच्याविषयी आहेत असा माणूस मराठीत शोधून सापडणार नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड, पहिला 1898 चा, मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या ग्रँट डफला प्रस्तावनेतच उभा-आडवा घेणारा. गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरची, वाळवी लागलेली दप्तरं सोडवली. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढे, आणि शेवटी त्याच मंडळाशी बिनसून धुळ्याला. लिहिणार तर मराठीतच, हा हट्ट. म्हणून एका पक्षाला ते ऋषी.

दुसरा पक्ष म्हणतो, कसले ऋषी? कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी केलेल्या विधानांवर प्रबोधनकार ठाकरे असे उसळले की 1918 मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ नावाचं पुस्तकच काढलं. नावातच प्रत्यंचा वाजते. न्यायमूर्ती रानड्यांच्या मते संतांनी मराठी सत्तेची मशागत केली. राजवाड्यांना हे मान्य नव्हतं. त्यांनी ‘सहिष्णू’, म्हणजे सोसणारा, धर्म आणि ‘जयिष्णू’, म्हणजे जिंकू पाहणारा, धर्म अशी फोड केली आणि वारकऱ्यांच्या वाट्याला पहिला शब्द दिला, कौतुक म्हणून नव्हे. (जयिष्णू हा शब्द मात्र मला मनापासून आवडतो. कल्पना पटली नाही तरी शब्द ठेवून घ्यावा.) विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहिताना प्राचीन स्त्री-पुरुषसंबंधांबद्दल त्यांनी जे ग्रंथांत दिसलं ते जसंच्या तसं मांडलं, तेव्हा त्यांना डोक्यावर घेणारे सनातनीच कानांत बोटं घालू लागले. आणि त्याच लेखनाचा आधार कॉम्रेड डांगे यांनी 1949 मध्ये आदिम साम्यवाद मांडताना घेतला. म्हणजे ब्राह्मण्याचा अभिमानी म्हणून ज्यांच्यावर टीका, तेच कम्युनिस्टांचे साक्षीदार.

शब्दांच्या बाबतीत तर ते माझे गुरूही आणि डोकेदुखीही. जुन्या पत्रांत फारसी किती आणि मराठी किती हे त्यांनी शब्द मोजून दाखवलं. 1628 च्या पत्रात फारसी 202, मराठी 34. 1728 च्या पत्रात फारसी 8, मराठी 119. शंभर वर्षांत मराठीचा वाटा 14.4 टक्क्यांवरून 93.7 टक्क्यांवर. शिवशाहीने भाषा कशी बदलली याचा पुरावा म्हणून हे आकडे भाषणांतून अजून फेकले जातात. शब्द मोजावेत ही कल्पना त्या काळात सुचणं हेच थोर आहे. पण एकेका सालाला एकेक पत्र! ते पत्र कोणाचं, कोणाला, वतनाच्या भांडणाचं की घरगुती खुशालीचं, यावर सगळं अवलंबून. आजही कोर्टाची नोटीस आणि मावशीचं पत्र शेजारी ठेवून मोजा, एका दिवसात मराठीचं राज्य येतं आणि जातं. त्यांच्या व्युत्पत्त्यांचंही तेच. गावाचं नाव असो, आडनाव असो की क्रियापद, राजवाड्यांनी नजर टाकली की त्यातून संस्कृत धातू निघायचाच. देशी शब्दाला देशी म्हणून सोडून देणं त्यांना जमलं नाही. त्यांच्या मागे छापलेले कोश मी रोज उघडतो आणि त्यातलं थोडंच मानतो.

तर या माणसाला ‘वादग्रस्त’ म्हणणं हा अपमान आहे का? माझ्या मते उलट. ही फाजील दया आहे. वादाने राजवाड्यांना कधी गिळलं? ते स्वतः पान मांडून वादाला जेवायला बसत. ग्रहणाच्या भाषेत ते ग्राह्य कधीच नव्हते, ग्राहक होते. ज्यांना त्यांनी झाकलं त्यांची नावं वर आलीच आहेत.

न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, बोलाचालीचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून चालतो तो वाद. जिंकायचंच म्हणून चालतो तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती फाडायची ती वितंडा. गीतेत भगवंत ‘वादः प्रवदतामहम्’ म्हणतात, ते पहिल्याबद्दल. रामदासांपर्यंत येता येता शब्दाला भांडणाचा वास लागला, म्हणून ‘तुटे वाद संवाद तो हीतकारी’. राजवाड्यांच्या लेखनात पहिले दोन प्रकार भरपूर आहेत, कधीकधी एकाच परिच्छेदात. तिसरा नाही. स्वतःची बाजू न मांडता ते कधी थांबलेच नाहीत, हीच तर तक्रार!

‘वादग्रस्त’ शोभतो तो विधानाला, मजकुराला, सातबाऱ्यावरच्या जमिनीला. ‘राजवाड्यांचं कायस्थ प्रभूंविषयीचं वादग्रस्त विधान’ म्हणा, कोणाचीच हरकत नसावी, कारण वाद कशावर ते पुढ्यात आहे. माणसाला लावायचाच तर ज्याच्यावर वाद बाहेरून येऊन कोसळला त्याला लावा.

‘विवादास्पद’ चालेल का? व्याकरणाने चालेल. हास्यास्पद, संशयास्पद यांच्या पंगतीतला आहे, आस्पद म्हणजे ठिकाण. पण मराठीत तो हिंदी बातम्यांच्या पाठोपाठ जोरात आला आहे आणि ‘वादग्रस्त’चा दोष त्याने काही दूर होत नाही. इथेही वाद घालणारा गायबच. ‘विवादित’ तर कृपा करून नकोच.

पत्रकावर ‘वि. का. राजवाडे: संशोधन आणि त्यावरचे आक्षेप’ छापा, आणि आक्षेप मांडायला दुसरा वक्ता बोलवा. एकाच वक्त्याला दोन्ही बाजू दिल्या की तो एक बाजू रंगवतो आणि दुसरी वेळेअभावी राहते.

मतभेदाचं राहिलंच. भेद म्हणा, भिन्नता म्हणा, सभासदांना फरक पडणार नाही. मतांतर मात्र म्हणू नका. ‘अंतर’ म्हणजे दुसरं हे खरं, पण धर्मांतर, पक्षांतर, स्थलांतर ऐकून ऐकून लोकांच्या कानाला आता त्यात बदलच ऐकू येतो, आणि या सभासदांपैकी एकानेही मत बदललेलं दिसत नाही.