गिरगाव अजून पूर्वीसारखे राहिले आहे का, आणि तिथे पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जुन्या भाडेकरूचा भाडेहक्क विकत घेतलेली, खोली घेऊन राहावे का?

गिरगाव संपले म्हणून सर्वांत मोठ्याने गळा काढणारी मंडळी बहुधा डोंबिवलीत किंवा बोरिवलीत राहतात, हे आधी सांगतो. शिवाय ‘पूर्वीचे’ म्हणजे नेमके कोणते? खोताच्या वाडीतली ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी घरे, ठाकुरद्वारकडचे पाठारे प्रभू, आणि नोकरीसाठी कोकणातून आलेल्यांनी भरलेल्या चाळी हे सगळे गिरगावच होते. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. त्याला लागणारी माणसे जिना उतरताच मिळत, कारण एकेका खोलीत दोन-दोन पिढ्या कोंबलेल्या असत. कौतुक करताना हे कोंबणे कोणी आठवत नाही.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि मालकांचा दुरुस्तीतला रस संपला. पुढे उपकर घेणारे दुरुस्ती मंडळ आले; आमच्या चाळीत त्याची खूण म्हणजे गॅलरीखालचे लाकडी टेकू.

त्याच गॅलरीत पुनर्विकासाच्या संमतीची बैठक भरली होती. आमचे थोरले काका फार पूर्वी डोंबिवलीला ब्लॉक घेऊन गेले होते. इथल्या त्यांच्या खोलीला कुलूप असले तरी भाडेपावती त्यांच्याच नावाची होती. आजोबांची वास्तू, सणवार, शेजारधर्म यांवर ते बराच वेळ बोलले आणि सही न करता उठले. आईचे गुडघे तेव्हा इतके दुखत की रात्री बादली घेऊन गॅलरीच्या टोकाच्या सामाईक शौचालयापर्यंत जाणे तिला नकोसे होई. ती एवढेच म्हणाली, “भाऊजी, वास्तू तुमची आणि बादली माझी.” पुढे नव्या घराचे चटईक्षेत्र कागदावर आले, तेव्हा काका सकाळच्या पहिल्या लोकलने सही करायला हजर झाले! आजही गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला ते फेटा बांधून येतात आणि आमच्या इमारतीकडे पाहून चाळ गेल्याची हळहळ व्यक्त करतात.

माझे मत स्पष्ट आहे: गिरगावकरांना कोणी हाकलले नाही. बरेचसे पागडीचे पैसे घेऊन स्वखुशीने गेले, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र मागे राहिलेल्यांनी त्यांच्या आठवणींसाठी टेकूखाली जगावे, ही अपेक्षा निर्लज्जपणाची आहे. अर्थात सगळ्यांचे आमच्यासारखे सुरळीत झालेले नाही. कित्येक कुटुंबे संक्रमण शिबिरांत, म्हणजे नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरांत, वर्षानुवर्षे अडकली, बंद दारांच्या मजल्यांवर म्हातारी माणसे एकटी पडली, आणि देखभालीचा खर्च न झेपल्याने काहींनी नवी घरेही विकली, हेही खरे आहे.

राहिला तुमचा प्रश्न. मेट्रो ३ चे गिरगाव स्थानक ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून येणे-जाणे सोपे झाले आहे. मराठी वस्ती विरळ झाली असली तरी आहे. पागडीची खोली घ्यायची तर मालकाच्या लेखी संमतीवाचून आणि पावती आपल्या नावावर होण्याची खात्री झाल्यावाचून पूर्ण पैसे देऊ नका. पुनर्विकासाचा करार झाला आहे का, हे विकणाऱ्याला न विचारता तिथे रोज राहणाऱ्या शेजाऱ्याला विचारा. विकणारा बहुधा आमच्या काकांसारखा वर्षातून एकदाच येत असतो.