म्युनिकचं पत्र आलंय, जाऊ का?

तुझा मेल दोनदा वाचला. पुण्यात आरएनएच्या घड्यांवर पीएचडी, सगळं काम सिम्युलेशनचं. आता म्युनिकच्या लॅबमध्ये ऑप्टिकल ट्वीझर्सवर (लेझरच्या चिमटीत एकेक रेणू धरून ताणायचं यंत्र) दोन वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी. 'ताई, दोन वर्षं फार कमी नाहीत का? आणि हाताने प्रयोग मला जमतील का?' मला इथे जर्मनीत चौदा वर्षं झाली. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते.

जमतील, पण पहिलं वर्ष त्यातच जाईल असं धरून चाल. मी आले तेव्हा हातात लॅम्डा नावाच्या विषाणूचा डीएनए दिला होता: 48,502 बेसजोड्या, सरळ केला तर साधारण साडेसोळा मायक्रॉन. दोन टोकांना दोन मणी, मणी लेझरच्या चिमटीत, आणि हळूहळू ताणायचं. बळ 65 पिकोन्यूटनच्या (बळाचं अतिसूक्ष्म एकक) आसपास गेलं की आलेख आडवा होतो. बळ वाढत नाही, डीएनए मात्र लांबत जातो, जवळजवळ पावणेदोनपट. 1996 पासून सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, पण स्वतःच्या पडद्यावर ती दिसायला मला अकरा आठवडे लागले. त्याआधी एकदा आलेख 130 ला आडवा झाला. मी खूश, शेजारचा पोस्टडॉक हसला, म्हणाला, "दोन धागे अडकलेत." तुमच्या सिम्युलेशनमधला रेणू मण्यावरून कधी सुटत नाही, त्यामुळे हे सगळं सुरुवातीला अपमानास्पद वाटतं.

आरएनए तर त्याहून नाजूक. माझे नमुने दोन महिने सारखे तुकडे होऊन निघायचे. शेवटी कळलं की सगळ्यांच्या वापरातल्या बफरच्या (रेणू ज्यात ठेवतात त्या द्रावणाच्या) बाटलीत कुणीतरी ग्लोव्हज न घालता काम करत होतं, आणि हाताला लागलेलं आरएनेझ, म्हणजे आरएनए तोडणारं विकर, पुरून उरत होतं. तेव्हापासून माझी बाटली वेगळी, माझ्या नावाची, माझ्या खणात. आजीच्या सोवळ्याला मी हसायचे. आता तिच्याहून कडक पाळते.

म्हणून प्रोफेसरांना आधी हे विचार: यंत्र आठवड्यातून किती वेळ तुझ्या वाट्याला, आणि ते आज चालवणारा माणूस तू पोचल्यावर तिथे असणार का? माझ्या वेळचा तो पोस्टडॉक तीन महिन्यांत कंत्राट संपून गेला. राहिलेलं मी त्याच्या वहीतल्या अक्षरावरून शिकले.

आता दोन वर्षांचं. तू दोन मोजतेयस, इथे सहा मोजतात. जर्मन कायद्यानुसार पीएचडीनंतर विद्यापीठात किंवा सरकारी पैशावरच्या संशोधन संस्थेत मुदतीच्या नेहमीच्या कंत्राटावर साधारण सहाच वर्षं राहता येतं. मूल असेल तर प्रत्येकी दोन वर्षं वाढू शकतात, बाहेरून आणलेल्या प्रकल्पाच्या पैशावर पुढेही ठेवता येतं. पण कायमच्या जागा मोजक्या. मी सहाव्या वर्षी कंपनीत गेले, आणि मला वाईट वाटलं नाही, थोडं वाटलं. तेव्हा मुदतवाढ मिळाली तर ती कुठल्या पैशातून, हे आत्ताच विचार.

पत्रात 'टीव्ही-एल, ई-13' (इथली सरकारी वेतनश्रेणी) असं काही लिहिलंय का, की नुसती स्टायपेंड? स्टायपेंडचा आकडा छान दिसतो, पण त्यात पेन्शन आणि बेकारी विमा नसतो. कंत्राटात कापलं खूप जातं (एकट्या माणसाच्या हातात साठ टक्क्यांच्या आसपास पडतात), पण तीस महिन्यांत बारा महिने विमा भरलेला असला की मधल्या काळात भत्ता मिळू शकतो. आणि ई-13 मध्येही पायऱ्या असतात. पीएचडीतला अनुभव धरून वरची पायरी मिळेल का, हे सही करण्याआधी विचार. मी संकोचाने विचारलं नाही आणि वर्षभर खालच्या पायरीवर बसले.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. युरोपियन युनियनची मारी क्युरी फेलोशिप जर्मनीसाठी हवी असेल तर अर्जाच्या मुदतीआधीच्या 36 महिन्यांत तू इथे 12 महिन्यांहून जास्त राहिलेली चालत नाहीस. मुदत बहुधा सप्टेंबरात असते. प्रोफेसर तयार असतील तर यंदाच भर.

घराचं थोडक्यात: म्युनिक महाग आहे, डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत, आणि बरीच घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. म्हणजे ओटा, सिंक, शेगडी, काहीच नाही, नुसते नळाचे पाइप भिंतीतून बाहेर आलेले. जाहिरातीत किचन आहे ना, एवढं वाचायला शीक. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाची सही लागते. म्हणून ओळखीच्याच्या सोफ्यावर महिनाभर राहण्याचा बेत करू नकोस.

परत यायचं तू विचारलं नाहीस, पण आई विचारत असेल. भारत सरकारची रामलिंगस्वामी फेलोशिप अशा परतणाऱ्या संशोधकांसाठीच आहे. मात्र पुण्याला किंवा बंगळुरूला स्वतःची लॅब उभी करशील तेव्हा तयार यंत्र मिळेलच असं नाही, लेझर तुलाच जुळवावा लागेल. म्हणून इथे बटणं दाबण्यावर थांबू नकोस. कॅलिब्रेशन आणि अलाइनमेंट पहिल्या सहा महिन्यांत शिकून घे, टेबलाखाली वाकावं लागलं तरी.

प्रोफेसरांची उत्तरं आली की मला पाठव. पायरीबद्दलचं पत्र आपण मिळून लिहू, त्यातलं जर्मन मी बघते.