सुपरमार्केटमधला ‘स्थानिक’ माल खरंच जवळचा आहे हे कसं ओळखायचं?

‘स्थानिक’, ‘थेट शेतातून’ अशा पाट्या दुकानात सगळीकडे दिसतात, त्यावर किती विश्वास ठेवायचा, असा तुमचा प्रश्न आहे. पाटीवर फारसा नको. ‘स्थानिक’ म्हणजे नेमकं किती लांब हे प्रत्येक दुकान आपापलं ठरवतं. कोणी जिल्हा धरतं, कोणी अख्खं राज्य. तेव्हा पाटी सोडा आणि गावाचं नाव शोधा.

सुट्या भाजीसाठी ते नाव क्रेटवर किंवा खोक्यावर सापडतं. माल रॅकवर ओतला की सगळा एकसारखा दिसतो. खोक्याच्या बाजूला मात्र उत्पादकाचं किंवा पॅकिंग करणाऱ्याचं नाव-गाव बऱ्याचदा छापलेलं असतं. म्हणून माल लावायच्या वेळी जा. माल लावणाऱ्याला “लोकल आहे का?” असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. “हा कुठून आला आणि कोणत्या वारी आला?” असं विचारा. गाव आणि वार चटकन सांगता आला तर बरीच खात्री धरायला हरकत नाही. “मार्केटमधून येतो” हे उत्तरही प्रामाणिकच आहे, पण मग तो माल कुठलाही असू शकतो.

फळावरच्या स्टिकरवरचा चार आकडी नंबर बिलिंगसाठी असतो. त्यातून फळाची जात आणि आकार कळतो, देश नाही. सुरुवातीला 9 लावून तो पाच आकडी झाला असेल तर फळ सेंद्रिय म्हणून विकलं जातंय, एवढंच. देशाचं नाव असलंच तर ते स्टिकरवर वेगळं छापतात.

बारकोडबद्दलचा गैरसमज तर फारच पसरलाय. 890 ने सुरू होणारा बारकोड म्हणजे कंपनीने तो नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतलाय. आतला माल कुठे पिकला याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

पाकिटावर ‘उत्पादक’, ‘पॅकिंग’ आणि ‘विपणन’ या तीन ओळी वेगवेगळ्या वाचा. खरी फसगत इथे होते. मध, तेल, मसाले, डाळी मोठ्या पिंपांतून किंवा पोत्यांतून लांबून येतात आणि तुमच्या शहरात नुसते भरले जातात. मग पत्ता जवळचा दिसतो. पिठाचंही तसंच, गिरणी शेजारची आणि गहू कुठला कोण जाणे. ‘पॅकिंग’चा पत्ता असेल आणि मूळ ठिकाण लिहिलेलं नसेल तर मी तो माल स्थानिक धरत नाही.

हंगामाचं गणित डोक्यात ठेवा. हंगाम संपून सहा महिने झाल्यावर मिळणारं ‘स्थानिक’ सफरचंद खोटंच असेल असं नाही. ऑक्सिजन कमी केलेल्या शीतगृहात सफरचंदं कित्येक महिने टिकतात. जवळचं आहे, पण ताजं नाही.

आता माल हातात घ्या. पालेभाजीच्या जुडीचा कापलेला बुडखा बघा: ओलसर, फिकट असेल तर कापणी ताजी, तपकिरी, सुकलेला असेल तर वरून कितीही पाणी मारलेलं असो, जुडी जुनी. घेवड्याची शेंग वाकवली की कट्कन मोडायला हवी. गाजर-बीट पाल्यासकट मिळाले तर तेच घ्या, कारण पाला दोन-तीन दिवसांत माना टाकतो आणि खरं वय सांगून जातो.

सगळंच जवळचं मिळवायचा अट्टहास मात्र नको. मका आणि मटार यांची साखर तोडल्या क्षणापासून पिठूळ होऊ लागते, तिथे एका दिवसाचाही फरक जिभेला कळतो. पालेभाज्या, टोमॅटो यांच्यासाठीही शोधाशोध करण्यात अर्थ आहे. लांब पाठवायचे टोमॅटो हिरवट असतानाच तोडतात, जवळचे झाडावर पिकू देता येतात. कांदा, बटाटा नि डाळींच्या चवीत तेवढा फरक पडत नाही.

झाडावर पिकलेला माल मऊ असतो आणि लवकर उतरतो, म्हणून दोन-तीन दिवसांपुरताच घ्या. धुऊन ठेवू नका, वापरताना धुवा. पालेभाजी कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. गाजर-बिटाचा पाला घरी आल्याबरोबर दोनेक सेंटीमीटर देठ ठेवून कापा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढून घेतो आणि गाजर लुळं पडतं.