चढाला टॉर्क हवा की हॉर्सपॉवर?

प्रश्न : पेट्रोल इंजिनही 180 हॉर्सपॉवरचे मिळते. मग ट्रकला डिझेलच का?

उत्तर : सूत्र पाठच करा. टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये) गुणिले आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), भागिले 7023, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर. समजा, डिझेल इंजिन 1500 आरपीएमला 850 न्यूटन-मीटर देते आणि पेट्रोल 5500 ला 230. दोन्हींचे उत्तर 180 च्या घरातच येते, आणि योग्य गिअर लावला तर चाकावरची ओढही सारखीच. फरक कळतो चढावर वेग मोडला की. हेच डिझेल इंजिन 2300 ला 550 न्यूटन-मीटर देत असेल, तर आरपीएम 1500 वर उतरेपर्यंत टॉर्क 850 वर चढतो आणि हॉर्सपॉवर 180 वरच टिकते. गिअर न पाडता गाडी चढते. पेट्रोलचे आरपीएम त्याच प्रमाणात 3600 वर आले, तर टॉर्क फारसा वाढत नाही. हॉर्सपॉवर 120 च्या आसपास येते. लगेच गिअर पाडून इंजिन पुन्हा 5500 ला पळवावे लागते. रोज भरलेल्या गाडीला ते परवडत नाही.

प्रश्न : दहाचाकी गाडीच्या वजनासकट 28 टन भरली की घाटात 20 च्या वर जात नाही. टॉर्क तर 850 आहे.

उत्तर : वेग किती, ते हॉर्सपॉवर ठरवते. 6 टक्के चढावर, म्हणजे 100 मीटरला 6 मीटर, 28 टन ताशी 20 किलोमीटरने न्यायला गिअरबॉक्स आणि क्राऊन (मागच्या धुऱ्यातले गिअर) यांत वाया जाणारी ताकद धरून सुमारे 160 हॉर्सपॉवर लागते. 30 ने न्यायला 240. तुमची गाडी 180 ची असेल, तर ती बिघडलेली नाही. उगाच पंप खोलू नका.

प्रश्न : मग गाडी खरंच दमली, हे ओळखायचे कसे?

उत्तर : धूर बघा. काळा धूर आणि ओढ कमी, म्हणजे बहुधा हवा कमी पडते. आधी एअर फिल्टरचा इंडिकेटर. लाल झाला असेल तर फिल्टर बदला, झटकून परत बसवू नका. मग टर्बोपासून (हवा दाबून इंजिनात पाठवणारा पंखा) इंटरकूलरपर्यंत (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतचे रबरी होज. उभ्या गाडीत चीर दिसत नाही, कारण ती टर्बोच्या दाबानेच उघडते. होज हाताने वाकवून बघा, खालच्या बाजूने बोट फिरवा. क्लिपजवळ तेलकट काळा डाग लागला, तर हवा तिथूनच जाते. चढाला फुस्स आवाजही येतो. धूर नाही पण ओढही नाही, तर बहुधा डिझेल कमी पोचते आहे: वॉटर सेपरेटरमधले पाणी काढा, डिझेल फिल्टर बदला, टाकीपासूनच्या पाइपात हवा शिरते का ते तपासा. एवढे झाल्याशिवाय टर्बो किंवा इंजेक्टर काढायला देऊ नये. महागडे भाग विनाकारण बदलले जातात, आणि चीर तशीच राहते.

प्रश्न : चिप (इंजिनला जास्त डिझेल द्यायला लावणारी) लावून टॉर्क वाढवू का?

उत्तर : नको. क्लच प्लेट, गिअरबॉक्स, क्राऊन हे मूळ टॉर्कच्या हिशेबाने बसवलेले असतात; आधी क्लच घसरतो. जास्त डिझेल जळून एक्झॉस्ट तापतो, टर्बो आणि पिस्टनला झळ बसते, वॉरंटीही जाते. चढ जास्त आणि वेग हवाच असेल, तर पुढची गाडी 250 च्या वरची घ्या.