परदेशी रस्त्यावर रेडियमचे जाकीट कोणाला सक्तीचे?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त जर्मनीत म्युनिक येथे राहतात. येत्या मे महिन्यात आम्ही उभयता, मुलगा, सून आणि तीन वर्षांचा नातू असे पाच जण त्यांच्याकडे जाणार आहोत. तेथे गाडी भाड्याने घेऊन ऑस्ट्रियामार्गे इटलीत व्हेनिसपर्यंत जाऊन परत येण्याचा बेत असून गाडी मुलगा चालवणार आहे. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी सांगितले, की युरोपात प्रत्येक प्रवाशासाठी रेडियमचे जाकीट, दोन त्रिकोण, प्रथमोपचार पेटी, जादा बल्ब, अग्निशामक आणि श्वासातील मद्य तपासण्याचे साधन एवढे सगळे गाडीत नसेल तर जागीच दंड होतो. उलट दुसऱ्या एकाचे म्हणणे असे, की हे नियम तेथील रहिवाशांसाठी आहेत, पर्यटकांना ते लागूच होत नाहीत. यातले खरे काय? आणि लागणारे सामान सोलापुरातूनच घेऊन जाणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : आपल्या दोन्ही परिचितांच्या बोलण्यात थोडेथोडे तथ्य आहे, मात्र पहिल्याने अनेक देशांची यादी एकाच गाडीत भरली आहे आणि दुसऱ्याने सवलत माणसाला मिळते असे गृहीत धरले आहे. वास्तविक अशी सवलत जेथे मिळते तेथे ती गाडीच्या नंबरप्लेटवर अवलंबून असते, चालकाच्या पासपोर्टवर नाही. आपण भारतीय असलात, तरी म्युनिकमध्ये भाड्याने मिळणारी गाडी जर्मन नोंदणीची असणार, आणि जर्मन नोंदणीच्या गाडीला जर्मनीत जे सामान सक्तीचे आहे ते त्या गाडीत असलेच पाहिजे, मग ती म्युनिकचा रहिवासी चालवत असो की सोलापूरकर.

पर्यटकांना नियम लागू नाहीत, हा समज कोठून आला तेही पाहण्यासारखे आहे. रस्ते वाहतुकीविषयी 1968 साली व्हिएन्ना येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली आणि फ्रान्स हे देश त्यात आहेत. भारतही 1980 साली त्यात सामील झाला. ‘आंतरराष्ट्रीय वाहतुकीत’ असलेले वाहन, म्हणजे ज्याचा मालक त्या देशात राहत नाही, ज्याची नोंदणी त्या देशातली नाही आणि जे तेथे तात्पुरते आणलेले आहे असे वाहन, करारात दिलेल्या तांत्रिक अटी पुरे करत असेल तर त्याला आपल्या हद्दीत येऊ द्यावे, असे हा करार सदस्य देशांना सांगतो. या अटी पाचव्या परिशिष्टात आहेत. धोक्याचा त्रिकोण, किंवा ज्या देशात गाडीची नोंदणी झाली तेथील कायद्याने ठरवलेले तितकेच परिणामकारक दुसरे साधन, गाडीत असावे हे तेथे लिहिले आहे. जाकीट, प्रथमोपचार पेटी वगैरे वस्तू मात्र एकेका देशाने आपापल्या कायद्याने पुढे वाढवल्या. म्हणूनच, करारात नसलेली वस्तू परदेशी गाडीकडे मागता येत नाही, असा युक्तिवाद केला जातो.

काही देशांनी हे तत्त्व स्वतःहून पाळलेले दिसते. स्पेनने 1 जानेवारी 2026 पासून त्रिकोणाऐवजी गाडीच्या टपावर चिकटवायचा लुकलुकणारा दिवा सक्तीचा केला, पण ती सक्ती स्पेनमध्ये नोंदलेल्या गाड्यांना आहे. बाहेरून आलेल्या गाडीला त्रिकोण चालतो. इटलीत चार वर्षांखालील मूल गाडीत विसरले जाऊ नये म्हणून आसनाला गजर देणारे उपकरण नोव्हेंबर 2019 पासून बंधनकारक आहे. आपल्या नातवाचे वय पाहून कोणीतरी त्याबद्दलही आपल्याला घाबरवील. परंतु तो नियम इटलीत नोंदलेल्या, किंवा बाहेर नोंदलेल्या पण इटलीतील रहिवासी चालवत असलेल्या गाड्यांपुरता आहे. आपली गाडी जर्मन आणि चालक भारतीय, त्यामुळे ते उपकरण आपल्याला लागणार नाही. हीच गाडी आपण मिलानमध्ये भाड्याने घेतली असती, तर उत्तर बदलले असते.

आता आपल्या मार्गावरील तीन देशांबद्दल. येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा लागतो : वस्तू गाडीत बाळगण्याचा नियम वेगळा आणि प्रसंग आला असता ती वापरण्याचा नियम वेगळा. पहिला बहुधा गाडीला लागतो. दुसरा रस्त्यावर उतरणाऱ्या माणसाला लागतो आणि त्यातून नंबरप्लेट दाखवून सुटता येत नाही.

जर्मनीत त्रिकोण, ठरलेल्या मानकाची प्रथमोपचार पेटी आणि 1 जुलै 2014 पासून एक रेडियमचे जाकीट गाडीत असावे लागते. जाकीट गाडीमागे एक आहे, माणशी एक नाही. ते नसेल तर 15 युरो दंड होतो. गंमत अशी, की खाजगी गाडीच्या चालकाने उतरताना ते अंगात घातलेच पाहिजे असे तेथील कायदा स्पष्टपणे म्हणत नाही. इटलीत नेमके उलटे आहे. तेथे जाकीट बाळगण्यावर भर नाही. पण वस्तीबाहेर, रात्री किंवा नीट दिसत नसताना बंद पडलेल्या गाडीतून जाकीट न घालता रस्त्यावर पाऊल ठेवण्यास मनाई आहे. महामार्गाच्या कडेच्या आपत्कालीन मार्गिकेत गाडी उभी असली तरीही ही मनाई कायम राहते. बाळगल्यावाचून घालणार कसे, हे सांगण्याची गरज नाही. गाडीतून चौघे मोठे उतरणार असतील, तर चौघांच्याही अंगात जाकीट हवे, कारण मनाई उतरणाऱ्या प्रत्येकाला आहे. आपल्या परिचिताचे ‘प्रत्येक प्रवाशासाठी’ हे म्हणणे या एका जागी बरोबर ठरते.

ऑस्ट्रियात तर पर्यटकांच्या युक्तिवादाला फारसा वावच उरत नाही. तेथील कायद्यात त्रिकोण, प्रथमोपचाराचे साहित्य आणि जाकीट बाळगण्याचे कलम गाडीच्या बांधणीच्या नियमांत नसून चालकाच्या कर्तव्यांत घातलेले आहे. चालकाने प्रवासात या वस्तू सोबत ठेवाव्यात, अशी त्याची भाषा आहे. म्हणजे इन्सब्रुकजवळ पोलिसाने गाडी थांबवली आणि डिकीत पेटी सापडली नाही, तर जाब आपल्या मुलाला विचारला जाईल, गाडी देणाऱ्या कंपनीला नाही.

माझे मत विचाराल, तर सवलत कोठे मिळते आणि कोठे मिळत नाही याचा काथ्याकूट प्रवासाआधी घरी बसून करावा, महामार्गाच्या कडेला पोलिसासमोर करू नये. व्हिएन्ना कराराचे परिशिष्ट त्याला पाठ असेल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. त्यातही जाकिटाची किंमत अशी आहे, की वाद जिंकला तरी वेळेचा तोटाच होतो.

उरलेल्या यादीचा निकाल लवकर लागतो. अग्निशामक ग्रीस, रुमानिया, बल्गेरिया अशा देशांत मागितला जातो. आपल्या मार्गावर नाही, आणि विमानात तर तो नेताच येत नाही. जादा बल्बची अटही आपल्या तीन देशांत नाही. श्वास तपासण्याचे साधन ही फ्रान्सची कहाणी आहे : तेथे 1 जुलै 2012 पासून ते बाळगणे बंधनकारक झाले, न बाळगणाऱ्यासाठी ठरवलेला दंड मात्र लांबणीवर पडत गेला आणि अखेर 2020 साली तो नियमच रद्द झाला. तरीही प्रवाशांच्या याद्यांतून ते अजून हटलेले नाही, हे आपल्या परिचिताच्या बोलण्यावरून दिसतेच. हिमाचे टायर मे महिन्यात लागत नाहीत. ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी पथकराचे स्टिकर किंवा त्याची ऑनलाइन नोंद मात्र आधीच करून ठेवावी.

नातवाच्या आसनाबाबत तडजोड नाही. जर्मनीत बारा वर्षांखालील आणि 150 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य बालआसनात बसवावे लागते आणि तीन वर्षांचे मूल कोणत्याही हिशेबाने त्यात येते. आजीच्या मांडीवर बसवून अक्कलकोटला जाऊन येण्याची आपल्याकडील सवय तेथे चालणार नाही. गाडी ठरवतानाच आसन मागून घ्यावे, किंवा मुलीच्या ओळखीतून मिळवावे; त्याच्या नारिंगी लेबलावर वर्तुळात ‘ई’ हे अक्षर आहे ना, ते पाहावे.

एक वस्तू नसण्याबद्दलही सांगितले पाहिजे. वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणारे ॲप जर्मनीत चालकाला वापरता येत नाही. मुलाच्या मोबाइलवर ते असेल तर बंद करून ठेवावे.

आता सामान येथून नेण्याविषयी. नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या जाकिटांवर युरोपीय मानकाची खूण असेलच असे नाही. जर्मनीत ‘ईएन आयएसओ 20471’ किंवा जुने ‘ईएन 471’ मानक असलेले पिवळे, नारिंगी अथवा लाल जाकीट लागते. त्या खुणेचे जाकीट तेथील पेट्रोल पंपावर आणि मोठ्या दुकानांत सहज मिळते. बॅगेतील किलो लेकीसाठी नेण्याच्या चादरी, टॉवेल आणि शेंगाचटणीसाठी राखून ठेवावेत.

गाडी ताब्यात घेताना मुलाने कागदावर सही करण्यापूर्वी डिकी उघडून तळाचे झाकण उचलून पाहावे. त्रिकोण बहुधा तेथे लांबट डबीत असतो आणि पेटी बाजूच्या खोबणीत. पेटीवर छापलेली मुदत संपलेली नाही ना, हे बघावे. जाकीट तेथे असेल तर ते काढून पुढच्या दाराच्या कप्प्यात ठेवावे आणि जास्तीची तीन विकत घेऊन मागच्या बाकाच्या खिशात घालावीत. जाकीट डिकीत असेल, तर ते काढण्यासाठी जाकिटाशिवायच उतरावे लागते. गाडी ऑस्ट्रिया आणि इटलीत नेण्याची परवानगीही त्याच वेळी लेखी घ्यावी. मुलाचा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना भारतातच, आरटीओकडून, निघण्यापूर्वी काढावा लागतो. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो.

आणि गाडी खरोखरच बंद पडली तर? पुणे रस्त्यावर मोहोळच्या पुढे ट्रक नादुरुस्त झाला, की क्लीनर मागे चार दगड मांडून त्यांत लिंबाची डहाळी खोचतो. त्यामागची बुद्धी चांगली असली, तरी रात्री दिव्याच्या झोतात डहाळी उशिरा दिसते आणि दगड तर नंतर दुसऱ्याच्या चाकाखाली येतात. आपल्याकडील नव्या गाड्यांतही त्रिकोण मिळतो, पण बहुतेकांचा स्टेपनीशेजारी प्लास्टिकच्या पिशवीतच राहतो. तो उघडून पाय कसे फाकवायचे, हे घराच्या अंगणात एकदा करून पाहावे. सोलापुरातून काही न्यायचेच असेल तर हा सराव न्यावा. वेगवान वाहतुकीच्या रस्त्यावर जर्मनीत त्रिकोण गाडीच्या सुमारे 100 मीटर मागे, इटलीत किमान 50 मीटर मागे ठेवावा लागतो. आधी धोक्याचे दिवे लावावेत, आत बसूनच जाकीट घालावे, सर्वांनी वाहतुकीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरून लोखंडी कठड्यापलीकडे उभे राहावे, आणि मग एकट्यानेच त्रिकोण उघडून अंगासमोर धरत कठड्याच्या आडून मागे चालत जावे. तेथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे उतरण्याचे दार उजवे असते, हे आपल्या सवयीच्या उलट आहे. मदतीसाठी तिन्ही देशांत 112 हाच क्रमांक चालतो.

प्रश्न : माझा मुलगा शिक्षणासाठी फ्रान्समध्ये असून सुटीत मित्राची स्कूटर चालवतो. येथून हेल्मेट पाठवले तर चालेल का? आणखी काही लागते का?
— एक पालक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : हेल्मेट पाठवू नये. आपल्याकडील आयएसआयची खूण तेथे उपयोगाची नाही. तेथे युरोपीय प्रमाणन असलेले हेल्मेट लागते. त्याखेरीज नोव्हेंबर 2016 पासून दुचाकी चालवणारा आणि मागे बसणारा अशा दोघांनाही प्रमाणित हातमोजे सक्तीचे आहेत, मग रस्ता गावातला असला तरी. मोजे नसतील तर 68 युरो दंड होतो. जाकीट दुचाकीस्वारानेही 2016 पासून सोबत ठेवायचे असते, आणि गाडी बंद पडून रस्त्यावर थांबावे लागले असता ते अंगात नसेल तर 135 युरोपर्यंत भुर्दंड बसतो. स्कूटर मित्राची असली, तरी मोजे आणि जाकीट यांचा दंड चालवणाऱ्याच्या नावावर लागेल. विम्यात मित्राशिवाय दुसऱ्या चालकाला मान्यता आहे का, हे मुलाने मित्राकडील कागदात आधी वाचून घ्यावे.