वाचकांचे प्रश्न: प्रोफाइलवर ‘ऑपरेटर’ लिहू की ‘प्रोग्रामर’?

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातला. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसीवर (प्रोग्रामवर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटर आहे, २ वर्षं झाली. त्याआधी वर्षभर चुलत्यांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होतो, पण तिथं पीएफ वगैरे काही नव्हतं. आता लिंक्डइनवर प्रोफाइल करायला घेतलंय. पुण्याचा आतेभाऊ म्हणतो, ‘प्रोग्रामर’ लिही, अनुभव ५ वर्षं टाक, कन्नड ‘उत्तम’ म्हण, केलेल्या जॉबचे, म्हणजे मशीनवर बनवलेल्या भागांचे, फोटो टाक. प्रोग्रामर रजेवर असला की बारीकसारीक बदल मीच करतो, म्हणजे अगदीच खोटं पण नाही. सगळेच असं करतात. मी नाही केलं तर मागं पडणार की! काय करू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ‘प्रोग्रामर’ लिहू नका. पकडले जाल म्हणून सांगत नाही, ते पुढचं.

प्रोग्रामर म्हणून घेतलेल्या माणसापुढं पहिल्याच आठवड्यात नवं ड्रॉइंग येतं. टूल कुठलं, फीड (टूल सरकायचा वेग) किती, क्लॅम्प कुठं, सगळं त्यानंच ठरवायचं. प्रोग्राममध्ये जी४३ ही आज्ञा टाकायची राहिली तर मशीन टूलची लांबी धरतच नाही, आणि झेड, म्हणजे वर-खाली जाणारा अक्ष, खाली येताना टूल सरळ जॉबमध्ये नाहीतर जॉब धरणाऱ्या व्हाइसमध्ये घुसतं. फॅनुक कंपनीच्या बऱ्याच कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) १० मिलिमीटर सांगताना दशांशचिन्ह राहिलं तर मशीन ते १० मायक्रॉन समजतं. हे सगळं शिकता येतं, तुम्हीही शिकाल. पण तोवर रात्रपाळीचा ऑपरेटर तुमच्या प्रोग्रामवर भरवसा ठेवून सायकल स्टार्ट दाबणार. आज तो ऑपरेटर तुम्ही आहात. तुम्हाला प्रोग्राम करून देणाऱ्यानं आपला अनुभव असाच फुगवून सांगितला असता, तर त्या मशीनपुढं तुम्ही निर्धास्त उभे राहिला असता का?

प्रोफाइल वाचणारा त्यावर विसंबून कुणाच्या तरी हाती मशीन देतो. म्हणून मी हे इतकं मनावर घेते.

आता तुमच्याकडं जे आहे ते बघू, कारण ते कमी नाही. उद्यमबागेत भरतीचं काम बघताना नुसतं ‘प्रोग्रामर’ लिहिलेले अर्ज माझ्यापुढं खूप येतात. त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा : ‘व्हीएमसी ऑपरेटर. टूल ऑफसेट आणि वर्क ऑफसेट लावतो. चालू प्रोग्राममध्ये फीड, स्पीड आणि ऑफसेटचे बदल करतो. पूर्ण प्रोग्राम लिहायला शिकतोय.’ (ऑफसेट म्हणजे टूलची लांबी आणि जॉबची जागा मशीनला सांगणारे आकडे.) यातलं जे खरोखर स्वतः करता तेवढंच ठेवा. असं वाचलं की मी फोन उचलते, कारण मशीनपुढं उभं केल्यावर हा माणूस काय करील ते मला दिसतं.

चुलत्यांकडचं वर्ष मात्र अजिबात लपवू नका. २० पेक्षा कमी माणसं असलेल्या वर्कशॉपला पीएफचा कायदा सहसा लागू होत नाही. तेव्हा पीएफ नव्हतं म्हणून काम नव्हतं, असं होत नाही. ‘घरच्या वर्कशॉपमध्ये लेथवर १ वर्ष’ असं स्वच्छ लिहा. ३ वर्षांची ५ वर्षं मात्र करू नका. पीएफच्या नोंदीत रुजू झाल्याची तारीख असते आणि पडताळणी करणारे ती मागतात. वरून बऱ्याच नेमणूकपत्रांत कलमच असतं की माहिती खोटी निघाली तर नोकरी जाईल.

कन्नडचं म्हणाल, तर आपल्या भागातल्या मराठी शाळांतून आलेल्या कितीतरी मुलांचं असंच असतं : शॉपफ्लोअरवर बोलणं झकास, पण कन्नडमधलं परिपत्रक हातात आलं की अडखळायला होतं. लिंक्डइनवर भाषेपुढं पातळी निवडायची सोय आहे, ती बेताची निवडा. वर माहितीच्या रकान्यात लिहा : ‘बोलणं चांगलं, वाचन कामापुरतं.’ ‘उत्तम’ म्हणालात आणि हुबळीच्या ग्राहकाचं पत्र समोर ठेवलं, तर दोघांचीही पंचाईत. आणि मराठी गाळू नका! आपली मुलं हल्ली मराठी लिहायचं टाळतात, ते बघून मला फार वाईट वाटतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्याशी कास्टिंगच्या दोषाबद्दल फोनवर मराठीत बोलता येणं हे कामाचंच कौशल्य आहे.

जॉबचे फोटो मालकाला विचारल्याशिवाय टाकू नका. पार्ट ग्राहकाचा, ड्रॉइंग ग्राहकाचं. पार्टच्या मागं बेंचवर ड्रॉइंगचा कोपरा दिसला तरी माप आणि पार्ट नंबर बाहेर जातो, आणि विमानाच्या सुट्या भागांचं काम असेल तर ते फारच महागात पडतं. हवा तर टाकाऊ तुकड्यावर स्वतः सराव केलेला जॉब दाखवा, तोही शॉपमध्ये सांगून.

राहिलं ‘सगळेच करतात’. पुष्कळजण करतात, हे खरं आहे. काही ठिकाणी तुमचा अर्ज त्यांच्यामागं राहील, तेही खरं आहे, आणि हे नुकसान तुम्हाला सोसावं लागेल. मी तरीही हेच सांगीन. आतेभावाला तुमचं भलंच हवंय, त्याच्यावर रागावू नका. त्याच्या ओळखीतल्या कुणाला तुमचं खरं प्रोफाइल पाठवायला त्याला सांगा, त्याचा जास्त उपयोग होईल.

आणि एक. तुमच्या मशीनचा कंट्रोल फॅनुकचा की सीमेन्सचा, हे पत्रात कुठं नाही. प्रोफाइलवर ते जरूर घाला, व्हीएमसीवर माणूस घेताना आम्ही सगळ्यात आधी तेच विचारतो.